गेम आणि काम, दोन्हींत दगा न देणारा डेस्कटॉप कसा जोडावा

मशीन मधेच बंद पडलं की पहिला संशय प्रोसेसरवर जातो. खरा दोष बहुधा वीजपुरवठ्यात किंवा रॅममध्ये निघतो. म्हणून सुट्या भागांची यादी करताना सुरुवात पॉवर सप्लायपासून करा.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताणावर किती वॅट घेतात ते पाहा, आणि त्याहून बऱ्यापैकी मोठा सप्लाय घ्या. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकाऊपणाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं आणि आतल्या भागांची सविस्तर परीक्षणं बघा. मॉड्युलर सप्लायच्या, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या सप्लायच्या, केबल दुसऱ्या सप्लायला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण पिनांची जोडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी, हार्ड डिस्क क्षणात जळू शकतात.

रॅमच्या चार पट्ट्यांपेक्षा एकाच पाकिटातल्या दोन घ्या, विशेषतः डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम असेल तर. चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. मॅन्युअल एकदा उघडाच. कूलर हवेचा निवडावा असं माझं ठाम मत आहे. त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो, आणि तो बदलता येतो.

जोडणी कॅबिनेटबाहेर, मदरबोर्डच्या खोक्यावर सुरू करा. प्रोसेसर, रॅम, कूलर आणि सप्लाय एवढंच लावून बायोस (मशीन चालू होताना दिसणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) दिसतंय का ते तपासा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावावं लागेल. मग सगळं कॅबिनेटमध्ये बसवा. कार्डाला १६ पिनांचा नवा प्लग असेल तर तो फट न राहता पूर्ण आत गेला पाहिजे, आणि तोंडाशीच वायर वाकवू नये. अर्धवट बसलेला प्लग तापून वितळू शकतो.

आता खरी परीक्षा. बायोस अद्ययावत करा. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा जाहिरातीतला वेग देणारी बायोसमधली सेटिंग) चालू केलं तर ते ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगाहून जास्त वेगाने चालवणंच आहे हे ध्यानात ठेवून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी रॅमचा वेग कमी करा आणि पुन्हा तपासा. मूळ वेगालाही चूक आली तर पट्ट्या परत करा. ‘एखादी चूक चालते’ असं म्हणू नका, तीच पुढे तुमच्या फायली खराब करते. त्यानंतर प्रोसेसर आणि कार्डावर एकाच वेळी तासभर ताण देऊन तापमान बघा.

हे सगळं निभावलं की मगच कामाच्या फायली त्यावर आणा, आणि त्याच दिवशी बॅकअपची दुसरी डिस्क जोडा.