महाविद्यालयात सेवाभावी बेकिंग मंडळ कसे चालवावे

बेकिंग मंडळ काढायचे ठरले की विद्यार्थी सर्वांत आधी ओव्हनच्या किमती पाहू लागतात. ओव्हनचे नंतर पाहता येते; आपण भाजलेले खाणार कोण, हे आधी ठरवावे लागते. जळगावातील आमच्या महाविद्यालयात हे काम सुरू झाले तेव्हा पहिल्याच खेपेस मुलींनी हौसेने जिऱ्याची कडक बिस्किटे करून एका वृद्धाश्रमात नेली. एका आजींनी बिस्किट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि हसून विचारले, "आमले दात कोठे शेतस, माय?" मग सगळी बिस्किटे चहात बुडवून संपली खरी, पण त्यानंतर आम्ही एक नियमच केला, की कोणत्याही नव्या ठिकाणी पहिली भेट रिकाम्या हातांनी द्यायची.

त्या भेटीत माणसे किती, दात नसलेली किती, मधुमेहाची किती आणि कोणाला काय चालत नाही, हे वहीत लिहून घ्यावे. खानदेशात माळकरी आणि जैन कुटुंबे पुष्कळ असल्याने मंडळाचा सगळा माल अंड्याविना करणे सोयीचे पडते. उपवासाचे वारही विचारावेत. आम्ही एकदा तारीख न पाहता एकादशीला केक घेऊन गेलो आणि निम्मे डबे जसेच्या तसे परत आणावे लागले. तेव्हापासून दिवस ठरवताना भिंतीवरचे कॅलेंडर काढून पाहिले जाते.

दुसरे काम परवानगीचे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करणे अपेक्षित असते. बेकिंगचे तास त्यात धरले जावेत असे वाटत असेल, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांची संमती आधी घ्यावी, नंतर सही मागत फिरू नये. आपण फुकट वाटतो म्हणजे अन्नाचे कायदे आपल्याला लागू नाहीत, असाही एक समज असतो. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने अन्नव्यवसायाची व्याख्या करताना तो नफ्यासाठी असो वा नसो, दोन्ही धरले आहेत. म्हणून नियमित वाटप सुरू करण्यापूर्वी प्राचार्यांमार्फत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात नोंदणीविषयी विचारणा करणे बरे. अंगणवाडीत काही द्यायचे असल्यास तेथील पर्यवेक्षिकेला विचारल्याशिवाय जाऊ नये.

आता ओव्हन. 28 ते 30 लिटरचा विजेचा ओव्हन साधारण 1500 वॉट वीज घेतो, त्यामुळे त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र प्लग लागतो. वर्गातल्या पंख्याच्या बोर्डावर तो लावण्याचा मोह टाळावा. वीज मध्येच गेली की अर्धवट फुगलेला केक बसतो आणि तो पुन्हा उठत नाही. याहून चांगली वाट आपल्या गल्लीतच असते. दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप घरून नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तशीच भाजणावळ ठरवून जवळच्या लाकडाच्या भट्टीवाल्याशी बोलावे. पावांच्या लाद्या निघाल्यानंतर भट्टी उतरू लागते, ती वेळ नानकटाईला उत्तम. आमचे भट्टीवाले चाचा फरशीवर चिमूटभर मैदा टाकून पाहत. तो लगेच काळा पडला तर "अभी बैठो" म्हणत आणि हळूहळू तांबूस झाला तरच पत्रे आत सरकवत.

पदार्थ मोजकेच ठेवावेत, दोन पुरेत. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मंडळाच्या कामाची केळी म्हणजे संध्याकाळी गाडीवर उरलेली, सालीवर काळे ठिपके पडलेली, जी विक्रेते कमी भावात देऊन टाकतात. तीच जास्त गोड असतात आणि साखर कमी लागते. एका केकसाठी सोललेली 300 ग्रॅम केळी, 250 ग्रॅम कणीक, 125 ग्रॅम साखर, 90 मिलिलिटर तेल, चार चमचे दही आणि सपाट एक चमचा खाण्याचा सोडा घ्यावा आणि 170 अंशांवर पाऊण तास भाजावे. मधोमध खुपसलेली सुरी कोरडी निघाली की केक झाला. त्याचे सोळा तुकडे पडतात, म्हणजे चाळीस माणसांना तीन केक लागतात.

येथेच आमची मोठी चूक झाली होती. वेळ वाचवण्यासाठी तिन्ही केकचे मिश्रण एकदम कालवले. ओव्हनमध्ये एकच भांडे मावत होते, त्यामुळे तिसऱ्याची पाळी यायला दीड तास गेला आणि तो पोळीसारखा बसका निघाला. दही आणि केळ्यातील आंबटपणाशी गाठ पडताच सोड्याचा वायू सुटू लागतो आणि तो आपल्या ओव्हनसाठी थांबून राहत नाही. म्हणून कोरडे पीठ आणि ओले मिश्रण तीन-तीन भांड्यांत वेगळे तयार ठेवावे आणि आधीचा केक बाहेर येण्याच्या पाच मिनिटे अगोदर पुढचे दोन्ही एकत्र करावे.

दुसरा पदार्थ नानकटाई. तिचे प्रमाण सोपे आहे: मैद्याच्या निम्मी पिठीसाखर आणि निम्म्याहून थोडे अधिक तूप. अडचण आपल्या उन्हाची आहे. मार्चनंतर तूप डब्यातच पातळ होते आणि अशा तुपाची नानकटाई पत्र्यावर पसरून एकमेकींना चिकटते. तूप शीतपेटीत गोठवून घ्यावे, किंवा सरळ दिवाळी ते शिवरात्र एवढाच हंगाम धरावा. परीक्षांचा विचार करता मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. मुलांना ज्वारीची नानकटाई करून पाहायची असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने निम्मी कणीक घातल्याशिवाय ती हातातच भुरभुरते.

कामाच्या दिवशी आठ-दहा जण पुरे होतात. गर्दी झाली की कोणीच वजन नीट करत नाही. केस बांधलेले, नखे कापलेली असावीत आणि सर्दी-खोकला झालेल्याने हिशेबाची वही धरावी, पिठात हात घालू नये. केक पूर्ण गार झाल्यावरच कापून डब्यात भरावा, नाहीतर वाफेने तो ओला होतो आणि खानदेशी उकाड्यात लवकर खराब होतो. डब्यावर तारीख आणि घटक मोठ्या अक्षरांत लिहावेत; शेंगदाण्याचा कूट घातला असेल तर तो अवश्य लिहावा, कारण काहींना शेंगदाणा सोसत नाही. वाटताना घेणाऱ्यांचे फोटो काढू नयेत, ही माझी अट असते. ती सुरुवातीला कोणालाच आवडत नाही.

तिसऱ्या वर्षाची मुले जूनमध्ये निघून जातात आणि त्यांच्याबरोबर सगळी मापेही जातात. त्यामुळे प्रत्येक खेपेची नोंद एकाच जाड वहीत ठेवावी: किती पीठ लागले, किती खर्च आला, काय बिघडले, कोणत्या आजोबांनी बिनसाखरेचे मागितले. ती वही फेब्रुवारीतच पहिल्या वर्षाच्या दोघांच्या हाती द्यावी आणि शेवटच्या दोन खेपा त्यांनाच चालवू द्याव्यात. मोठ्यांनी त्या दिवशी फक्त भांडी घासावीत.