झांस्करच्या घळीत उतरण्याआधी

"पाण्यातच पडायचंय तर मलप्रभेत पड की, खानापूर जवळ आहे," आक्का म्हणाली होती. तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. लडाखला झांस्कर नदीत राफ्टिंगला जाण्याआधी आम्हा बेळगावकरांनी सराव घराजवळच करावा. दांडेलीजवळ गणेशगुडीला काळी नदीत राफ्टिंग चालतं. सुपा धरणातून पाणी सोडलं तरच, म्हणून आधी फोन करून जा. तिथे गाइडला सांगून मुद्दाम राफ्टबाहेर पडा. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर. खडक आला तर पायाने रेटता येतो. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाऊल दगडांत अडकलं की प्रवाह माणसाला पालथं पाडतो. बचावासाठी टाकलेला दोर हाताला गुंडाळायचा नाही, नुसता धरायचा. एवढं अंगवळणी पडलं की निम्मी तयारी झाली.

झांस्कर म्हणजे थंड वाळवंट. पदुमजवळ स्तोद आणि त्सारप या नद्या मिळून झांस्कर नदी होते आणि निमूला सिंधूत जाते. मधल्या घळीतून राफ्टने उतरायचं, रात्री काठाच्या वाळूवर तंबू. मोसम जुलै-ऑगस्ट, रॅपिड (नदीतले खळाळते उतार) तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे, म्हणजे मध्यम ते अवघड. मला रॅपिडपेक्षा उंचीची धास्ती जास्त होती. बेळगाव 750 मीटरच्या आसपास, लेह 3,500! मी गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन गाठलं, पुढे विमान. विमानाने गेलात तर विरळ हवेची सवय व्हायला लेहमध्ये किमान दोन दिवस नुसतं पडून राहा. दम्याचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर तिकिटाआधी डॉक्टर.

शहापुरात माझं साड्यांचं दुकान आहे, सुती कापडावर आमचं घर चालतं. तरी सांगते, नदीत सुती काहीही घालू नका. ते पाणी धरून ठेवतं, आणि हे पाणी बर्फ वितळून आलेलं. वेटसूटच्या (थंड पाण्यात ऊब देणाऱ्या अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखाच्या) आत सिंथेटिक कपडे, पायात घट्ट बसणारे सँडल किंवा बूट. चश्म्याला दोरी. ओठांना मलम रोज चार-पाच वेळा. उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात ओठ फुटून हसतासुद्धा येत नाही. ड्राय बॅग (सामान कोरडं ठेवणारी पिशवी) बंद करताना आधी हवा दाबून काढा, मग तोंडाला निदान तीन घड्या घाला. मी घाईत एकच घातली. त्या रात्री ओल्या स्लीपिंग बॅगेत मी जागीच होते, आणि दोष कोणाला देणार?

जेवण आयोजकच देतात. तरी जोंधळ्याची कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात असू दे, दोन्ही टिकतात. कुंदा, आमची बेळगावची दुधाची मिठाई, लेहलाच संपवा. काठावरची वाळू चिकटलेला कुंदा मी खाल्लाय.

पैसे भरण्याआधी विचारा: सोबत सुरक्षा कायाक (पडलेल्याला उचलायला येणारी छोटी होडी) आहे का, सॅटेलाइट फोन आहे का (घळीत रेंज नाही), शौचाची सोय काय, कचरा परत आणता का. उत्तर देताना माणूस अडखळला तर दुसरीकडे बघा.

राफ्टमध्ये वल्ह्याच्या वरच्या मुठीवरचा तळवा कधीही सोडू नका, नाहीतर ती मूठ शेजारच्याच्या दातांवर बसते. "फॉरवर्ड", "बॅक", "गेट डाऊन" ऐकलं की लगेच करायचं, का म्हणून नंतर विचारायचं. दुपारनंतर समोरून वारा येतो आणि जोर लावूनही राफ्ट जागची हलेना होते. म्हणून गाइड सकाळी लवकर उठवतो, कुरकुरू नका. दिवसभराच्या उन्हाने वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचतं आणि नदी चढते. त्यामुळे चपला, वल्ही काठावर सोडून झोपू नका. नदीचं पाणी राखेसारखं गढूळ असतं. पिण्यासाठी बाजूच्या ओढ्याचं, तेही उकळून.

परतीचं विमान निमूला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका. दरड कोसळली की रस्ता बंद. मी दोन दिवस हाताशी ठेवले होते, त्यातला एक स्लीपिंग बॅग वाळवण्यात गेला.