केशनलिकेचं प्रॅक्टिकल: या चुका टाळा

केशनलिका म्हणजे अगदी बारीक भोकाची काचेची नळी. तिच्यात पाणी किती उंच चढतं आणि तिची त्रिज्या किती, यावरून पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभागाचा ताण) काढायचा. तो ०.०७ न्यूटन प्रति मीटरच्या आसपास यायला हवा आणि तुमच्या जर्नलमध्ये ०.१४ आलाय? मग सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास गेलाय. मायक्रोस्कोपखाली मोजतो तो व्यास. त्याला दोनाने भागायचं दर बॅचमध्ये कुणीतरी विसरतंच. आणि व्यास घ्यायचा तो आतल्या भोकाचा, काचेच्या बाहेरच्या कडेचा नाही.

उत्तर ०.०५ आलं तर मात्र गणित तपासत बसू नका, नळी तपासा. एका मुलाच्या नळीत पाणी दोन सेंटीमीटरच्या वर जाईना. त्रिज्या अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन सेंटीमीटर चढायला हवं होतं. पठ्ठ्या नुकताच डबा खाऊन आला होता आणि त्याने नळी नेमकी बुडवायच्या टोकाला धरली होती. पराठ्याचं तूप काचेला लागलं, की पाणी काचेला नीट चिकटत नाही, स्पर्शकोन (पाण्याचा पृष्ठभाग काचेला टेकतो तिथला कोन) शून्य राहत नाही आणि आपण तर सूत्रात तो शून्यच धरलेला असतो! साबणाने घासून घाईघाईत विसळलेला बीकरही असाच दगा देतो. नळी कॉस्टिक सोडा, मग सौम्य नायट्रिक आम्ल आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा (आम्ल सरांच्या समोरच वापरा), आणि वरच्या टोकालाच धरा.

कोरड्या नळीत पाणी मध्येच अडतं. बीकर थोडा वर उचलून परत खाली घ्या, म्हणजे आतली भिंत ओली होईल आणि पातळी वरून उतरत येऊन स्थिरावेल. मध्ये बुडबुडा दिसला तर ते रीडिंग सोडूनच द्या.

बीकरमधल्या पाण्याची पातळी मोजायला नळीशेजारी टाचणी लावतो. तिचं टोक पाण्याला जेमतेम टेकवायचं, बुडवायचं नाही. त्याचं रीडिंग बीकर बाजूला काढल्यावर घ्या. नळीतल्या पाण्याचं रीडिंग त्याच्या खोलगट पृष्ठभागाच्या, म्हणजे वक्राच्या तळाचं. मायक्रोस्कोपमध्ये प्रतिमा उलटी दिसते, त्यामुळे तो तळ वर दिसेल. इथे बरेच जण फसतात.

पुस्तकातला ०.०७२८ हा आकडा २० अंश सेल्सिअसचा आहे. ३० अंशाला तो ०.०७१२ असतो. तेव्हा थर्मामीटर बघा आणि त्या तापमानाच्या आकड्याशी तुलना करा. उत्तर जुळवायला रीडिंग खोडू नका, खाडाखोड परीक्षकाला लगेच दिसते.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: नळी आखूड असेल तर पाणी वरून सांडेल का? नाही. वरच्या काठाशी पोचलं की वक्र सपाट होत जातो आणि पाणी तिथेच थांबतं.