गावातल्या क्लाससाठी एसएमएस सूचना कशा सुरू कराव्या

पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एसटी येत नाही आणि कापसाची वेचणी लागली की अर्ध्या बाया वावरात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात शिवण क्लास चालवताना शिकवण्यापेक्षा 'आज क्लास नाही' हे कळवणंच अवघड जायचं. व्हॉट्सअॅपचा ग्रुप होता, पण कितीतरी घरांत बटणाचा फोन, नाहीतर नेटपॅक संपलेला. साध्या एसएमएसला नेट लागत नाही.

सुरुवात वहीपासून करा. प्रवेशाच्या वेळी नंबर लिहिताना विचारा, हा फोन दिवसा कोणाजवळ असतो? बाई नंबर देते, पण फोन मालकाच्या खिशात आणि मालक वावरात. तिथे शेजारणीचा किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोरीचा दुसरा नंबर घ्या. मग तिथल्या तिथे एक मराठी मेसेज टाकून पाहा. काही जुन्या फोनवर नुसते चौकोन दिसतात, त्यांना रोमन लिपीत पाठवावं लागतं. सूचना पाठवू का हेही विचारा आणि होकारापुढे सही घ्या.

आता मजकूर. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. एकट्या 'विद्यार्थिनींनी' या शब्दाला १५ जागा लागतात! म्हणून नमस्कार-चमत्कार सोडा:

'सोम. १८ ला क्लास बंद. बुध. २० ला नेहमीच्या वेळी या. -शिवण क्लास'

'आज', 'उद्या' लिहू नका. वावरात रेंज नसते, मेसेज रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पडतो आणि 'उद्या'चा अर्थच बदलतो. हे आम्ही चूक करून शिकलो: सुट्टीच्या दिवशी कोणी आलं नाही, पण 'उद्या'च्या घोळात क्लासच्या दिवशीही कोणी आलं नाही.

पाठवायला गुगल मेसेजेस पुरतं. सेटिंगमध्ये ग्रुप मेसेजसाठी सगळ्यांना वेगवेगळा एसएमएस जाईल असा पर्याय निवडा, नाहीतर तो एमएमएस (नेट लागणारा, फोटोबिटो पाठवायचा मेसेज) होऊन जातो आणि एकीचा नंबर दुसरीला दिसतो. पाठवायचं बटण दाबून धरलं की वेळ ठरवता येते, मात्र त्या वेळी तुमचा फोन चालू आणि रेंजमध्ये हवा. बहुतेक रिचार्जवर दिवसाला १०० एसएमएस मिळतात. मजकूर ७० च्या पुढे गेला की एकाचे दोन धरले जातात.

या सिमवरून 'नवी बॅच सुरू, मैत्रिणीला आणा' असली जाहिरात पाठवू नका. नको असलेल्या जाहिरातींची तक्रार घेणाऱ्या १९०९ या नंबरवर कोणी तक्रार केली तर नंबर बंद पडू शकतो. शे-दीडशे जणी झाल्या किंवा जाहिरातही करायची असली तर बल्क एसएमएसकडे, म्हणजे कंपनीमार्फत एकदम शेकडो जणींना मेसेज पाठवण्याच्या सेवेकडे वळा. त्याआधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (असे मेसेज पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणारी वेबसाइट) पॅन आणि व्यवसायाची कागदपत्रं देऊन नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर, आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यात तारीख-वेळेची जागा मोकळी ठेवा, नाहीतर दरवेळी नव्याने मंजुरी. वीस-तीस जणींच्या क्लासला ही यातायात परवडत नाही, असं माझं मत.

शेवटी मेसेज अॅपमध्ये डिलिव्हरी रिपोर्ट, म्हणजे मेसेज पोचल्याची पावती, चालू करा. रिचार्ज संपून बरेच दिवस झालेल्या सिमवर एसएमएस येणंही थांबतं. ज्यांचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत आला नाही, त्यांच्या शेजारणीला फोन लावा.