पावसाळी सल्ला : शहरातल्या आडबाजूच्या जागेत भाजी लावताना

मृग लागतो ७-८ जूनला, आणि जागा तोवर ठरलेली हवी. मुंबई-ठाण्याकडे मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो, पुण्यातही त्याच सुमारास. तो एकदा धरला की जमीन पाहायची संधी गेली. मग सगळीकडे हिरवंच दिसतं आणि सगळीच जागा चांगली वाटते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, एखादा जोराचा वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडा. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतची पट्टी, दोन इमारतींमधली बोळ, बंद पडलेल्या पंपघराची बाजू, रस्ता वळतो तिथला मातीचा त्रिकोण. कुणाच्या डोळ्यांवर न येणाऱ्या याच जागा.

आधी एक गोष्ट साफ करू. ‘लपवून लागवड’ म्हटलं की आपल्याकडे उसात किंवा तुरीत पकडलेल्या गांजाची बातमी आठवते. हा सल्ला त्यासाठी नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली त्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. इथे विषय अळू-कर्टोल्यांचा आहे.

जागा कशी पाहायची

पाणी कुठे साचलंय आणि कुठून वाहून गेलंय, हे वळिवानंतरच कळतं. चोवीस तासांनंतरही डबकं तसंच असेल तर ती जागा अळवाची. तिथे शेवगा किंवा सुरण लावाल तर कुजेल. उताराची, पाणी न थांबणारी जागा वेलांना बरी.

मग तण बघा, ते जमिनीची बरीच माहिती देऊन जातं. माठ किंवा तांदुळजा आपसूक उगवून गुडघाभर वाढलेला असेल तर माती कसदार आहे. लव्हाळा दाट असेल तर ओल टिकते, पण लव्हाळ्याशी तुमचं भांडण वर्षभर चालणार हेही धरून चाला. वरवर उपटलात तर खालच्या गाठीतून तो पुन्हा येतो. नुसता टाकळा माजला असेल तर जमीन बहुधा घट्ट आणि हलकी. गाजरगवत दिसलं तर फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट काढा. त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना दमाही लागतो.

शहरातल्या मोकळ्या पट्टीत माती म्हणून जे असतं ते बहुतेकदा राडारोडा असतो. हातभर लांबीची लोखंडी सळई मातीत खुपसा. ती वीतभरही न जाता खडखडून थांबली तर खाली विटा-काँक्रीट आहे. सिमेंट-चुन्याच्या भरावात पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो रोग नसतो, अशा जमिनीत झाडाला लोह मिळत नाही म्हणून तसं होतं. मूठभर मातीवर लिंबू पिळून पाहा, जोरात फसफसली तर चुना भरपूर आहे. (आपल्या काळ्या मातीतही चुनखडी असते, ती थोडीफार फसफसतेच. तेवढ्याने घाबरू नका.) अशा ठिकाणी खोदत बसण्यापेक्षा वरच वीतभर उंचीचा वाफा भरा : सोसायटीच्या खड्ड्यातलं कुजलेलं ओल्या कचऱ्याचं खत, बाहेरून आणलेली माती आणि सुका पालापाचोळा.

गर्दीच्या रस्त्याला लागून असलेल्या जमिनीबद्दल मात्र मी कडक आहे. देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण आधी पडलेलं शिसं मातीच्या वरच्या थरातून हलत नाही. जुन्या इमारतींच्या रंगाचे पोपडे, बॅटरी-भंगाराचं काम झालेली जागा, यांचाही तोच ताप. पालेभाज्या आणि कंद यांच्यात हे जास्त उतरतं. पानांवर धूळ बसते ती वेगळीच. फळभाजीच्या फळात त्या मानाने कमी. म्हणून रस्त्याकडेला दुधी-दोडका ठीक; मेथी, माठ, मुळा, सुरण नको. भंगाराच्या जागेत खायचं काहीच नको, तिथे झेंडू लावा.

मोकळी म्हणजे बेवारस नव्हे

जमिनीचा प्रत्येक तुकडा कुणाचा ना कुणाचा असतो : महापालिका, रेल्वे, सार्वजनिक बांधकाम खातं, वीज कंपनी, नाहीतर बंद घराचा परदेशी गेलेला मालक. कुंपण नसलं म्हणून हक्क येत नाही. सोसायटीची मागची पट्टी असेल तर कमिटीच्या बैठकीत दोन ओळींचा ठराव करून घ्या. पालिकेची असेल तर वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान विभागाकडे अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का मारून घ्या. उत्तर येईलच असं नाही, पण पोच असली की उद्या जेसीबी आला तर बोलायला जागा राहते.

न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या मित्रमंडळींनी बावरी आणि ह्यूस्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला प्लॉट न विचारताच साफ करून तिथे बाग केली. ‘ग्रीन गरिला’ (हिरवे गनीम) हे त्यांनी स्वतःला घेतलेलं नाव. लोक ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. पुढच्याच वर्षी महापालिकेने त्यांना ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली, हे सहसा कुणी सांगत नाही. ती बाग आजही आहे, आणि त्यात त्या एक डॉलरच्या कागदाचा वाटा मोठा आहे.

काही जागांना तर हातच लावू नका. खाडीकाठचं कांदळवन आणि त्याच्या भोवतालची पन्नास मीटरची पट्टी उच्च न्यायालयाच्या आदेशाने संरक्षित आहे; तिथे चार टोपल्या माती टाकणंही भराव धरलं जातं. वनखात्याची टेकडी, रेल्वे रुळांची कड, उच्चदाब वाहिनीखालचा पट्टा यांनाही लांबून नमस्कार. गॅसवाहिनीच्या किंवा केबलच्या खुणेचा दगड रोवलेला असेल तिथे कुदळ चालवू नका. आणि मोठं होणारं झाड लावताना दहादा विचार करा. महाराष्ट्राच्या नागरी भागात १९७५ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. आज हौसेने लावलेलं रोप उद्या भिंतीला तडे देऊ लागलं तरी परवानगीशिवाय तोडता येणार नाही.

जागा पूर्ण नजरेआड असावी की थोडी दिसती? मी दिसती घेईन. जी जागा कुणालाच दिसत नाही तिथे लोक रात्री कचरा टाकतात, बाटल्या फोडतात, आणि संध्याकाळी एकट्या बाईला तिथे जाणं नकोसं होतं. वॉचमनच्या केबिनमधून किंवा चहाच्या टपरीवरून अर्धी दिसणारी पट्टी सगळ्यात चांगली. टपरीवाल्याला पहिला दोडका द्या, पुढची राखण तोच करतो.

काय लावायचं

जिथे रोज जाणं होत नाही तिथे भेंडी-मिरची-टोमॅटोच्या नादी लागू नका. भेंडी दोन दिवस चुकली की जून होते, टोमॅटो मुसळधारेत करप्याने जातो. आठ-दहा दिवस कुणी फिरकलं नाही तरी आपलं आपण वाढणारं पीक हवं, आणि ते बहुधा कंदवर्गातच सापडतं.

अळू सगळ्यात बिनघोर. काळ्या देठाचं वडीचं अळू कुणाच्या तरी परसातून कंदासह मागून आणा, दीड-दोन फुटांवर लावा. दीड-दोन महिन्यांत पानं काढायला येतात. गटाराकडेला आपोआप उगवलेलं अळू मात्र खायला आणू नका. ते तेरं (रानटी अळू) असो की चांगलं, वाढलेलं सांडपाण्यावर असतं.

हळद अर्ध्या सावलीत चालते, म्हणून दोन भिंतींमधली बोळ तिला द्या. डोळे फुगलेलं बेणं तीन-चार बोटं खोल पुरायचं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी, आणि तोवर श्रावणात पातोळ्यांना पानं फुकट. सुरणाला मात्र ऊन आणि निचरा दोन्ही हवे. ‘गजेंद्र’ वाणाचा कंद खाजत नाही. अर्ध्या किलोचे तुकडे करा, प्रत्येकाला वरच्या डोळ्याचा भाग आला पाहिजे. शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा आणि मृगाच्या आत लावून टाका. आठ-नऊ महिने जागा अडते, हे आधीच मान्य करा.

शेवग्याची मनगटाएवढ्या जाडीची, तीन-चार फुटांची छाट उंचवट्यावर रोवली की लागते. लाकूड ठिसूळ असतं, वाऱ्यात फांदी तुटते; विजेच्या तारेखाली किंवा गाड्या उभ्या राहतात तिथे नको.

माझा खरा जीव कर्टोलीवर. बाजारात आषाढ-श्रावणात तिचा भाव बघितलात की कारण कळेल. तारेच्या जाळीवर वेल आपला चढतो, पाणी पाऊस देतो, आणि कंद जमिनीत राहिला तर दर मृगात पुन्हा फुटतो. बियांपासून मात्र करू नका. बी उगवायला कंटाळा करतं आणि उगवलं तरी वेल नर की मादी हे फूल येईपर्यंत समजत नाही. कोकणातल्या किंवा मावळातल्या ओळखीच्या माणसाकडून कंद आणा, आणि आणतानाच मादी किती, नर किती हे विचारून घ्या. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर पुरतो; नर नसेल तर पिवळी फुलं येतील आणि गळून जातील. फुलं संध्याकाळी उमलतात. शहरात परागीभवन करणारे किडे कमी, तेव्हा तिन्हीसांजेला नर फूल खुडून मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. ओळखायचं कसं? मादी फुलाच्या खाली काटेरी कर्टोल्याचं बारीकसं रूप आधीच असतं, नराचा देठ कोरा.

जाळी मोकळी असेल तर दोडका, दुधी, तांबडा भोपळा आर्द्रात टोका, एका आळ्यात दोन-तीन बिया. अंबाडी आणि चवळी कुठेही येते. बीजगोळे, म्हणजे बिया घालून वळलेले मातीचे गोळे, फेकण्याचं फॅड दरवर्षी जूनमध्ये येतं. मुलांना चिखलात हात घालायला मिळतात हे चांगलंच, पण उघड्यावर फेकलेल्या गोळ्यांतले थोडेच रोपापर्यंत पोचतात. आणि त्यात सुबाभूळ भरून टेकडीवर फेकणं तर उपद्रवच. सुबाभूळ एकदा घुसली की बाकी काही वाढू देत नाही.

पाणी आणि कीड

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी द्यावं लागत नाही. ओढ बसली तर लगेच नाल्यात बादली बुडवायचा मोह होतो, तो टाळा. ते मैलापाणी आहे. भाजी धुतली तरी पानाच्या बेचक्यातले जंतू जात नाहीत. छपराचं पाणी ड्रममध्ये साठवा, पण वर घट्ट कापड बांधा आणि आठवड्यातून एकदा ड्रम कोरडा करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि पालिकेची नोटीस त्याहून लवकर येते.

पावसाळ्यात खरा शत्रू शंखी गोगलगाय. २०२२ मध्ये लातूर-बीड-धाराशिवकडे तिने कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं, ते शेतकरी अजून विसरलेले नाहीत. शहरात ती ओल्या भिंतीवर दिवसभर चिकटलेली असते आणि अंधार पडला की खाली उतरते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्यात पसरा. सकाळी उचललंत की खाली गोगलगायी जमलेल्या दिसतील. हातमोजे घालून गोळा करा, मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. वाफ्यात मीठ फेकू नका, जमीन जाईल. दगडाखाली साबुदाण्यासारख्या अंड्यांचे पुंजके मिळतात, एकेकात शंभरावर. तेही त्याच बादलीत. मेटाल्डिहाईडच्या (गोगलगायीच्या विषाच्या) गोळ्या मोकळ्या जागेत टाकूच नका, भटकी कुत्री खातात आणि मरतात.

वेलींवर फळमाशी येईल. जुलैच्या मध्यापासून क्यू-ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा टांगा. डागलेली, वाकडी फळं तिथेच टाकू नका, काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. मावा आला तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड, रात्रभर भिजवून गाळून. याहून जहाल काही फवारायचं नाही. ज्या जागेला दार नाही तिथे कुणाचं मूल येऊन काय तोंडात घालेल याची खात्री नसते.

स्वतःची काळजी

पावसाच्या सुरुवातीला घोणशीची पिल्लं निघतात आणि पालापाचोळ्यात बिलकूल दिसत नाहीत. गमबूट, बॅटरी, आणि हात घालण्यापूर्वी काठीने हलवणं. साप चावला तर थेट सरकारी रुग्णालय, मध्ये कुठे थांबणं नाही. पायाला चीर, भेग, जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यात उतरू नका. मुंबईत २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) साथ आली ती अशाच पाण्यातून. नंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना पाण्यात गेल्याचं आपणहून सांगा; ते विचारतीलच असं नाही.

पाऊस सरताना

उत्तरा-हस्तात जमिनीत ओल असते, तेव्हाच वाल टोकून घ्या. थंडीत शेंगा येतील. दसऱ्याच्या सुमारास गवत काढणारी माणसं येतात आणि यंत्राने सरसकट कापत जातात. त्यांच्या मुकादमाशी आधी बोलून ठेवा आणि वाफ्याभोवती चार विटा लावा, नाहीतर हळद गवताबरोबर जाईल.

कर्टोलीचा वेल दिवाळीनंतर वाळतो आणि काही आठवड्यांत जमिनीवर खूणही उरत नाही. वेल हिरवा आहे तोवरच प्रत्येक बुडाशी बांबूची काठी रोवा. मादीला लाल चिंधी, नराला पांढरी. सुती चिंधी पावसात कुजते, जुन्या नायलॉन साडीची काठपट्टी चालते.