जुन्या घराचा संडास बदलताना या चुका टाळा

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत देशी भांडं काढून कमोड बसवायचं ठरलं, की पहिली चूक दुकानातच होते. रंग बघून कमोड घेतला जातो, आणि घरी आल्यावर कळतं की पाइप जमिनीत आहे आणि कमोडचं तोंड भिंतीकडे. जमिनीत जाणाऱ्याला एस-ट्रॅप, भिंतीत जाणाऱ्याला पी-ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारं पाइपाचं वळण. एस-ट्रॅप असेल तर भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. बहुतेक 9 किंवा 12 इंची मिळतात. हे माप टाइल लावल्यानंतरच्या भिंतीपासून धरायचं. प्लास्टर आणि टाइल मिळून इंचभर जागा खातात, मग फ्लशची टाकी भिंतीला अडते.

दुसरी चूक जमिनीत गाडली जाते, म्हणून जास्त महाग पडते. देशी भांड्याखाली त्याचा स्वतःचा ट्रॅप असतो. भांडं काढून तो तसाच ठेवला तर कमोडच्या ट्रॅपखाली आणखी एक ट्रॅप होतो. दोन्हींच्या मध्ये हवा कोंडते, फ्लश केल्यावर पाणी वर चढतं, गुडगुड आवाज येतो. दोष कमोडला दिला जातो. खालचा ट्रॅप फोडून काढा आणि 110 मिमीचा पाइप थेट जोडा. उतार 1:40, म्हणजे 4 मीटरला 10 सेंमी. वळणावर 90 अंशाच्या एका बेंडऐवजी 45 अंशाचे दोन वापरा. बुजवण्याआधी बादल्या ओतून सांधे तपासा.

कमोडखाली सिमेंट भरू नका. पुढे काढताना भांडं फुटतं. स्क्रू, रबरी कनेक्टर आणि कडेला सिलिकॉन पुरे.

वास येतोच? बहुधा व्हेंट पाइप, म्हणजे वायू बाहेर सोडणारा पाइप, नाही. तो छताच्या वर न्या, टोकाला डासांची जाळी लावा. सेप्टिक टाकीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही पाइपांना 'टी' (T आकाराचा जोड) हवा आणि त्याचं खालचं तोंड पाण्यात बुडालेलं हवं, नाहीतर वर तरंगणारा थर सरळ शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा बंद पडतो. जाणारा पाइप येणाऱ्यापेक्षा 5 सेंमी खाली.

खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. तयार प्लास्टिकची टाकी तेव्हा रिकामी केली तर ती बोटीसारखी वर उचलली जाते, पाइप तुटतात. उपसा उन्हाळ्यात करा, आणि लगेच पाणी भरा. तळाचा थोडा गाळ मुद्दाम ठेवा. त्यातले जीवाणूच पुढचं काम करतात. शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर लांब असावा.

टाकीत माणूस उतरवू नका. आतला वायू क्षणात बेशुद्ध करतो, आणि 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं काम करून घेणं गुन्हा आहे. उपसा करणारी टँकर गाडीच बोलवा.