रात्री लहान नदीवर कॅटफिशला बसताय? या चुका टाळा

मासा का लागला नाही, याची कारणं नवखे गडी दणादण सांगतात. चांदणं होतं, वारा उलटा होता, आमिष शिळं होतं. मी एवढंच म्हणतो, कपाळावर काय बांधलंय ते आधी बघ.

हेडलॅम्प! रॉडच्या टोकाची घंटी जरा किणकिणली की झोत टोकावर, तिथून पाण्यावर, आणि मागोमाग बूट आपटत स्वारी काठावर. कॅटफिशच्या अंगातली हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीने कानाला जोडलेली असते. पाण्यातली थरथर त्याला फार लवकर कळते, आणि लहान नदीत तो तुमच्यापासून असतोच किती लांब?

एकदा अशाच एकाला सोबत नेलं होतं. नवाकोरा रॉड, तीन डबे आमिष, उत्साह उतू चाललेला. अंधार पडल्यापासून दर पाच मिनिटांनी गळ बाहेर, दिवा लावून पाहणी, पुन्हा धप्पकन पाण्यात. तीनदा सांगितलं, मग मीही गप्प बसलो. साडेअकरापर्यंत दोघांच्या घंट्या मुक्या. बाराला गडी खुर्चीत घोरायला लागला. पाऊण तासात मला दोन मासे लागले आणि तिसरा लागला तो त्याच्याच रॉडला! माझ्या धडपडीने तो जागा झाला, दिवा थेट माझ्या डोळ्यांत मारला आणि विचारतो, "आमिष बदललंस काय?"

माझी सवय सांगतो. उजेड असतानाच सगळं सामान हाताशी मांडायचं. पाण्यापासून चार पावलं मागे बसायचं. दिवा लालच, तोही नदीकडे पाठ करून लावायचा. घंटी एकदा वाजली तर उठत नाही.

दुसरं दुखणं म्हणजे लांब फेकायचा सोस. पलीकडच्या काठाला गळ पोचला की छाती फुगते. पण दिवसा डोहात नाहीतर मुळांखाली दडलेला मासा रात्री खायला बाहेर पडतो. खळाळ जिथे डोहात उतरतो तिथे येतो, उथळ कडेला येतो, कधीकधी गुडघ्याएवढ्या पाण्यातही. माझा पहिला गळ माझ्याच काठाला, दोन हातांवर पडतो. मासा जिथे असेल असं वाटतं त्याच्या जरा वर टाकायचा, म्हणजे वास धारेबरोबर खाली त्याच्याकडे जातो. त्याच्या मिशांवरच नाही, सगळ्या कातडीवर चव कळायची सोय असते. त्या वासामागे तो येतो, पण यायला वेळ द्याल की नाही? सारखी जागा बदललीत तर तो बिचारा कुठे शोधणार? पंचवीस-तीस मिनिटं गळाला हात लावू नका. तेवढ्यात आमिष धुऊन निघतं, मग ताजं लावा.

सर्कल हूक असेल तर हिसका मारू नका. त्याचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन वळला की ते आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतं, हिसका दिलात तर नुसतं सरकून बाहेर येतं. हात शिवशिवतात, कळतं मला. मी तर ते मांडीखाली दाबून बसतो. रॉड वाकून वाकलेलाच राहिला, की सावकाश उचलायचा आणि रील फिरवायला लागायचं.

कलेजी तशीच ओवलीत तर फेकतानाच उडून जाते, दोऱ्याने गुंडाळा. ड्रॅग, म्हणजे मासा ओढला की रीलमधून दोरी सुटू देणारा ब्रेक, आवळून रॉड सोडून जाऊ नका, रॉडच नदीत जाईल. गाठी घरूनच मारून आणा, अंधारात घाईने मारलेली गाठ मोठ्या माशालाच सुटते.

मासा हातात घेताना पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे आधी बघा. घाबरला की ते ताठ करून अडकवून ठेवतो, आणि काही जातींच्या काट्यात विष असतं. टोचलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा, ठणका कमी होतो. सूज वाढली किंवा काटा आत मोडला तर डॉक्टरकडे जा.

आणि बसण्याआधी पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा. वर कुठे पाऊस झाला तर तुमच्या डोक्यावर चांदणं असतानाही नदी चढते. काडी बुडायला लागली की मी सामान गुंडाळतो, घंटी वाजत असली तरी.